बारा जणींचे एक कार्ट

गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या चौकीदाराकडे एकाच दिवशी तीन सारखे खोके आले. प्रत्येकात डोक्याला बांधायच्या चार बॅटऱ्या, दोन थर्मास आणि एक प्रथमोपचाराची पेटी होती. आमच्या बारा जणींना मिळून चार बॅटऱ्या, दोन थर्मास आणि एकच पेटी हवी होती. ज्या तिघींच्या नावावर हे खोके आले, त्या प्रत्येकीने सर्वांच्या वतीने आपणच ऑर्डर करत आहोत अशा समजुतीने पैसे भरले होते, आणि तिघींचाही हेतू मनापासून मदत करण्याचाच होता. त्या संध्याकाळी आम्ही खोके माझ्या बैठकीच्या खोलीत मांडले, आणि एकत्र खरेदी म्हणजे नेमके काय, याचा मी पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील आमची ही बारा जणींची भिशी नऊ वर्षांची आहे. दर महिन्याला प्रत्येकी 1,000 रुपये जमतात, चिठ्ठी निघते आणि ज्या घरी भिशी लागते तिथे फराळ होतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून आम्ही त्यावर प्रत्येकी 150 रुपये अधिक टाकू लागलो, म्हणजे नोव्हेंबरपर्यंतच्या दहा महिन्यांत प्रत्येकीचे 1,500 आणि सर्वांचे मिळून 18,000 रुपये झाले. ही रक्कम डिसेंबरातील पचमढीच्या सहलीच्या खरेदीसाठी होती. गाडी आणि राहण्याचा खर्च वेगळा होता. नागपूरहून पचमढी साधारण अडीचशे किलोमीटर आहे. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता आहे आणि शेवटचा टप्पा घाटाचा आहे. सातपुड्याचे सर्वांत उंच ठिकाण असलेल्या 1,352 मीटर उंचीच्या धूपगडावर पहाटे सूर्योदयासाठी जायचे, तर कानटोपी, हातमोजे, आतून घालायचे गरम कपडे आणि अंधारात दोन्ही हात मोकळे ठेवणारा प्रकाश हवा. आयुष्यभर 45 अंशांच्या उन्हाची तयारी करत आलेल्या आमच्या कपाटांत यांपैकी फारच थोडे होते. त्यामुळे खरेदी मोठी होणार हे उघड होते, आणि ती एकत्र केली तर डिलिव्हरीचा खर्च वाचेल, सवलत मिळेल आणि एकीने घेतलेली वस्तू दुसरीला दिसेल, असे मीच सुचवले होते.

तीन खोक्यांचा प्रसंग हा आमचा दुसरा प्रयत्न होता. पहिला ऑक्टोबरात झाला होता आणि त्याच्याविषयी लिहिणे मला अधिक अवघड जाते.

आमच्यापैकी बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीकडे एका खरेदीच्या ॲपचे वार्षिक सदस्यत्व होते आणि त्यामुळे तिला डिलिव्हरीचे पैसे पडत नसत. सर्वांनी तिच्याच खात्यात लॉगिन करून आपापल्या वस्तू कार्टमध्ये टाकाव्यात, ही सूचना माझी होती. तिने आनंदाने पासवर्ड आमच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवस तिच्या फोनवर ओटीपी येत राहिले आणि ती काउंटरवरचे काम थांबवून ते आम्हाला कळवत राहिली. तिसऱ्या दिवशी भिशीतल्या एका वहिनीने तिला सगळ्यांसमोर, काळजीनेच, विचारले, “तुझी तब्येत बरी आहे ना गं?” कार्टच्या खाली, पूर्वी घेतलेल्या वस्तू पुन्हा घ्यायच्या का असे विचारणारी एक पट्टी असते. तिने उन्हाळ्यात मागवलेल्या वस्तू त्या पट्टीत आम्हा सगळ्यांना दिसत होत्या, आणि उपचारांनी केस गळू लागल्यावर ज्या वस्तू घ्याव्या लागतात त्या त्यात होत्या. ती गोष्ट तिने फक्त नवऱ्याला आणि बहिणीला सांगितली होती. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, “होती. आता बरी आहे.” तिने मला कधीही दोष दिला नाही, पण तिचे सांगण्याचे किंवा न सांगण्याचे स्वातंत्र्य माझ्या सूचनेमुळे हिरावले गेले, हे मी विसरू शकत नाही.

खरेदीचे खाते उघडून देणे म्हणजे केवळ टोपली पुढे करणे नव्हे. त्या खात्यात घरचा आणि माहेरचा पत्ता असतो, फोन क्रमांक असतात, साठवलेली कार्डे असतात आणि कित्येक वर्षांच्या खरेदीची यादी असते. औषधे, अंतर्वस्त्रे, कुणाला तरी दिलेली भेट, मुलाच्या अभ्यासातील अडचणीसाठी मागवलेले पुस्तक, असे सगळे त्या यादीत क्रमाने लागलेले असते. आम्ही त्याच रात्री तिचा पासवर्ड बदलला आणि सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढण्याचा पर्याय वापरला. त्यानंतर कुणाचाही पासवर्ड ग्रुपवर येणार नाही, हे ठरले, आणि त्याला आजवर अपवाद झालेला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात आम्ही पासवर्डऐवजी दुवा वापरला. एका संकेतस्थळावर कार्ट दुसऱ्यांना पाठवण्याची सोय होती. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या सुनेने सामायिक वस्तूंचे कार्ट तयार केले आणि त्याचा दुवा ग्रुपवर टाकला. आम्ही तो उघडला, वस्तू दिसल्या, आणि सर्व जणी एकाच कार्टमध्ये आहोत असे गृहीत धरले. प्रत्यक्षात तो दुवा उघडणाऱ्या प्रत्येकीच्या खात्यात त्या कार्टची एक वेगळी प्रत तयार होत होती. एकीने आपल्या प्रतीतून काही काढले तर दुसरीच्या प्रतीत ते तसेच राहत होते, आणि एकीने पैसे भरले तरी दुसरीच्या पडद्यावर पैसे भरण्याचे बटण पूर्वीसारखेच उभे होते. “अजून कुणी भरले नाहीत वाटते, मीच भरून टाकते,” असा विचार तिघींनी एकाच दुपारी केला.

एकत्र खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी तपासावा असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. काही ठिकाणी दुव्यातून प्रत मिळते आणि काही ठिकाणी सर्वांना लिहिता येईल अशी एकच यादी मिळते. पहिली पद्धत कुणाला “मी हे घेतले, तुम्हीही घ्या” असे सांगायला उत्तम आहे, पण बारा जणांनी मिळून एकदाच घ्यायच्या वस्तूंसाठी ती घातक आहे. तपासणे सोपे आहे: दोघींनी शेजारी बसावे, एकीने एक स्वस्त वस्तू काढून टाकावी आणि दुसरीने पान पुन्हा उघडून ती वस्तू गेली का ते पाहावे. आम्ही हे पाच मिनिटांचे काम केले नाही, आणि तीन खोक्यांपैकी दोन परत पाठवण्यात आमचे जवळजवळ दोन आठवडे गेले. प्रथमोपचाराच्या पेट्या स्वच्छतेच्या कारणाने परत घेतल्या जात नव्हत्या, म्हणून त्यांतील एक आम्ही इमारतीच्या कार्यालयात ठेवली आणि एक कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीतील अंगणवाडीला दिली.

तिसऱ्या वेळी मी कार्टकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. तिथे वस्तू मागणारा, मंजुरी देणारा आणि पैसे देणारा अशी माणसे वेगळी असतात, आणि मागणीचा कागद सर्वांना दिसतो. मग घरच्या खरेदीत आम्ही हे सगळे एकाच बटणावर का आणून ठेवले होते? कार्ट ही मुळात तात्पुरती जागा आहे. त्यात टाकलेली वस्तू आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते, तिची किंमत पैसे भरेपर्यंत बदलू शकते आणि ती दुसऱ्याने घेतली तर संपूही शकते. अशा हलत्या जागेत बारा जणींची चर्चा, निवड आणि हिशेब मांडणे चुकीचे होते.

म्हणून आम्ही गूगल शीटमध्ये एक तक्ता उघडला. त्यात वस्तू, दुवा, कोणासाठी, माप, पाहिली त्या दिवशीची किंमत, आणि “कुणाच्या घरी आधीच आहे का” असे रकाने केले. हा शेवटचा रकाना काकूंच्या सुनेने सुचवला आणि तोच सर्वांत उपयोगी ठरला: एक्सटेन्शन बोर्ड, गरम पाण्याच्या दोन पिशव्या, इलेक्ट्रिक किटली आणि दुर्बीण या वस्तू कुणाच्या ना कुणाच्या घरी निघाल्या आणि यादीतून गेल्या. तक्त्याचा जुना इतिहास पाहता येतो, त्यामुळे कुणी केव्हा काय बदलले ते कळते आणि “मी तर लिहिले होते” असा वाद उद्भवत नाही. रविवारी रात्री आठला यादी बंद करायची, सोमवारी संध्याकाळी बँकेतल्या मैत्रिणीने आपल्याच खात्यातून, आपल्याच फोनवर, तक्ता समोर ठेवून कार्ट भरायचे आणि मी शेजारी बसून एकेक ओळ वाचायची, असे ठरले. हे काम तिने स्वतःहून मागून घेतले. मी तिला पुन्हा विचारण्याचे धाडस केले नसते.

भिशीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी स्मार्टफोन वापरत नाहीत. पहिल्या दोन्ही प्रयत्नांत त्यांच्या वस्तू दुसऱ्यांनी अंदाजाने टाकल्या होत्या आणि हे मला तेव्हा खटकलेही नव्हते. या वेळी मी तक्त्याचा कागद छापून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली, किमती वाचल्या आणि म्हणाल्या, “माह्या नावानं दोन जोडी पायमोजे टाकजो बाई, पण जाड पाह्यजो. अन् हे हातमोजे काढ, माह्याजवळ लोकरीचे हायेत.” ज्या सामायिक यादीत एका व्यक्तीला बोलता येत नाही, ती सामायिक नसते, आणि छापलेल्या एका कागदाने हे साधत असेल तर तो कागद न्यायलाच हवा.

दोन प्रकारच्या वस्तू आम्ही कार्टमधून ठरवून वगळल्या. एक म्हणजे बूट. पचमढीजवळच्या चौरागडाला हजाराहून अधिक पायऱ्या चढायच्या होत्या, आणि एकाच क्रमांकाचा बूट दोन कंपन्यांचा असेल तर पायात वेगळा बसतो, हे आमच्यापैकी चौघींच्या अनुभवाचे होते. त्या चौघी एका शनिवारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेल्या, मोजे घालून बूट पायात चढवले, दुकानात चालून पाहिले आणि घेतले. दुसरा प्रकार म्हणजे टोप्या आणि स्वेटर. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी विक्रेत्यांचा गरम कपड्यांचा बाजार लागतो. तिथे ज्या बाईंकडून आम्ही आठ कानटोप्या घेतल्या, त्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत वाढलेल्या होत्या आणि आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलत होत्या. लोकर हाताला लागते कशी, हे कुठल्याही छायाचित्रातून कळत नाही. सुका मेवा आणि चिवडा अर्थातच इतवारीच्या बाजारातून आला.

आता पैशांविषयी सविस्तर सांगते, कारण मैत्री दुखावते ती इथेच.

सोमवारी भरलेल्या कार्टची मूळ रक्कम 18,400 रुपये झाली. त्यात 4,800 रुपयांच्या वस्तू सर्वांच्या होत्या आणि 13,600 रुपयांच्या वस्तू ज्याच्या त्याच्या होत्या. मैत्रिणीच्या कार्डावर 5 टक्के, म्हणजे 920 रुपये, सवलत मिळाली आणि भरायची रक्कम 17,480 रुपयांवर आली. ही सवलत कुणाची? एकीचे म्हणणे पडले की ती बाराने भागावी. मला ते योग्य वाटले नाही, कारण जिने 300 रुपयांचे मोजे घेतले तिला आणि जिने 2,000 रुपयांचे जॅकेट घेतले तिला सारखीच सवलत मिळाली असती. आम्ही प्रत्येक वस्तूची किंमत त्याच प्रमाणात, 5 टक्क्यांनी, कमी केली. सामायिक वस्तूंचे 4,560 रुपये झाले आणि प्रत्येकीच्या वाट्याला 380 रुपये आले. ज्यांची एकूण खरेदी त्यांच्या 1,500 रुपयांपेक्षा जास्त होती त्यांनी वरची रक्कम कार्टचे पैसे भरण्याआधीच दिली. “नंतर बघू” हा पर्याय आम्ही ठेवलाच नाही, आणि यात भिशीची शिस्त कामी आली. भिशीत पैसे आधी जमतात आणि मग चिठ्ठी निघते. पूर्वी मी अशा वेळी यूपीआयवरून पैसे मागणारी विनंती पाठवत असे. व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली असल्याने मैत्रिणीचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला आणि प्रत्येकीने पैसे पाठवताना शेऱ्यात “पचमढी” लिहिले. आजींनी रोख दिले आणि तक्त्यात त्यांच्या नावापुढे मी तसे नोंदवले.

पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर मी एकेक ओळ वाचत असताना एकूण रकमेत 99 रुपये जास्त दिसले. एका वस्तूच्या खाली संरक्षण योजनेचा एक चौकोन आधीच टिक केलेला होता. आम्ही तो काढला. ई-वाणिज्यासाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार ग्राहकाची संमती अशी आधीच टिक केलेल्या चौकोनातून गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे 13 प्रकार जाहीर केले, त्यांत ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू किंवा सेवा सरकवणे हा एक प्रकार स्पष्टपणे आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. एकटी व्यक्ती 99 रुपये सोडून देईल, पण हे बारा जणींचे पैसे होते आणि त्यांतल्या प्रत्येक रुपयाला कुणाच्या तरी नावाचा रकाना होता. दुसऱ्याचे पैसे हाती असताना शेवटचे पान दोघींनी मिळून वाचावे, असे मी म्हणते ते यासाठी.

त्याच तेरा प्रकारांत खोटी घाई लावणे हाही एक प्रकार आहे, आणि गटात त्याचा परिणाम अनेक पटींनी वाढतो. “फक्त 3 शिल्लक” असे लिहिलेल्या पानाचे छायाचित्र ग्रुपवर पडले की दहा मिनिटांत पाच जणी ती वस्तू मागू लागतात, आणि त्यांतल्या दोघींना ती मुळात नको असते. पहिल्या दोन प्रयत्नांत हे वारंवार झाले. यादी रविवारीच बंद होणार हे ठरल्यावर मात्र अशी छायाचित्रे येणे आपोआप कमी झाले. एक शाल खरोखरच संपली. जिला ती हवी होती तिने आईची शाल नेली.

सर्व सामान एका पत्त्यावर, माझ्या घरी, चार दिवसांत आले. प्रत्येक खोका उघडताना घरी असलेल्या दोघींना बोलावून तक्त्याशी ताडून पाहिला आणि मगच ज्याच्या त्याच्या पिशवीत सामान गेले. एका वहिनींचे जॅकेट खांद्यात तंग झाले. परत करण्याची मुदत वस्तूगणिक वेगळी असते, म्हणून ती तारीख मी तक्त्यात वेगळ्या रकान्यात आधीच लिहून ठेवली होती, आणि जॅकेट मुदतीत परत गेले. जॅकेटची छापील किंमत 1,200 रुपये होती, पण सवलत वजा जाऊन 1,140 रुपयेच परत मिळणार होते आणि तेही वहिनींना नव्हे, तर ज्या कार्डावरून पैसे गेले त्या मैत्रिणीच्या कार्डावर. हे दोन्ही मुद्दे मी ऑर्डर करण्यापूर्वी ग्रुपवर लिहिले होते. वहिनींनी 60 रुपयांविषयी एकदा विचारले, तक्ता पाहिला आणि त्यांचे समाधान झाले.

पचमढीत आम्ही तीन दिवस होतो. धूपगडावर पहाटे चार बॅटऱ्या पुरल्या. दर तिघींत एक, आणि तिच्या उजेडात तिघींनी हात धरून चालायचे. आजी जाड पायमोजे घालून गाडीपर्यंत आल्या आणि मग वरपर्यंतही आल्या. बँकेतल्या मैत्रिणीने परतीच्या वाटेवर, तामियाला चहासाठी थांबलो असताना, आपल्या उन्हाळ्याविषयी सर्वांना स्वतः सांगितले. या वेळी तिला कुणी विचारले नव्हते.

नागपूरला आल्यावर तिसऱ्या दिवशी जॅकेटचे 1,140 रुपये तिच्या कार्डावर जमा झाले. तिने ते त्याच संध्याकाळी वहिनींना पाठवले आणि मला पावतीचे छायाचित्र पाठवले. मी तक्त्यातील ती शेवटची ओळ हिरवी केली, चार बॅटऱ्या आणि दोन थर्मास सध्या कुणाच्या घरी आहेत ते खाली लिहिले, आणि तक्ता सर्वांना फक्त पाहता येईल असा करून ठेवला.